एक तार, दोन दारं

मित्रांनो, मी टेलिफोनची एक जुनी तार आहे. तुम्ही मला कधी पाहिलं नसेल, कारण मी भिंतीच्या आत राहते. तांब्याच्या दोन बारीक तारा एकमेकींना पीळ घालून बसवल्या आहेत आणि वरून राखाडी वेष्टन आहे, एवढाच माझा देह. सर्बियातल्या एका लहान शहरात, एका चार मजली इमारतीत मी तळघरातल्या पेटीपासून तिसऱ्या मजल्यापर्यंत चढत जाते. तिथे माझे दोन फाटे होतात. डावा फाटा ओब्रादकाकांच्या घरात जातो आणि उजवा नेवेंकाच्या. हे दोन फाटे होणं हाच माझ्या आयुष्यातला सगळा घोळ आहे, म्हणून तो आधी सांगून टाकते.

माझं तांबं बोर नावाच्या गावच्या खाणीतलं. ते वितळवलं, ओढलं, गुंडाळलं आणि एका सकाळी मला या भिंतीत घातलं. तेव्हा माझी काय ऐट होती म्हणून सांगू! टेलिफोन मिळायला लोकांना नऊ-नऊ वर्षं वाट पाहावी लागायची. तारा कमी आणि माणसं फार. म्हणून टेलिफोन खात्याने एक युक्ती काढली. समोरासमोर दारं आणि मध्ये एकच भिंत असलेल्या दोन घरांना एकाच तारेवर बसवलं. दोघांना वेगळे नंबर, वेगळे फोन, पण बोलायचं एका वेळी एकानेच. एकाने फोन उचलला की दुसऱ्याचा फोन मेल्यासारखा गप्प. याला आमच्याकडे जुळी जोडणी म्हणत. दुसऱ्याला घाई असली तर तो कॉफीच्या भांड्याने भिंतीवर ठोकायचा, म्हणजे पलीकडच्याने समजून आटपायचं. लेखी नियम नव्हता, पण सगळे पाळायचे.

पहिली काही वर्षं फार सुखाची गेली. ओब्रादकाका रेल्वेत सिग्नलवर होते. त्यांच्या बायकोने, ल्युबिकाकाकूंनी, फोनखाली घालायला स्वतःच्या हाताने विणलेली जाळी केली होती. नेवेंका लग्न होऊन समोरच्या घरात आली, तेव्हा काकूंनी तिला हिवाळ्यासाठी मिरच्या भाजून कशा भरायच्या ते शिकवलं. दोन्ही दारं दिवसभर सताड उघडी असायची. मला ठोकणं ऐकू आलं की हसू यायचं, कारण ठोकणारीच दोन मिनिटांनी दारातून आत येऊन म्हणायची, "अगं, बोल बोल, माझं काही घाईचं नव्हतं, मला फक्त तुझ्याकडची साखर हवी होती."

मग युद्धापायी जगाने आमच्या देशावर व्यापाराचे निर्बंध घातले, ती वर्षं आली. दुकानं रिकामी झाली आणि पेट्रोल रस्त्याच्या कडेला कोलाच्या बाटल्यांतून विकलं जाऊ लागलं. त्यातल्याच एका नोव्हेंबरात एका संध्याकाळी सहाच्या सुमारास नेवेंका तिच्या बहिणीशी बोलत होती. बहीण ऑस्ट्रियाला निघाली होती आणि दोघींचं आईच्या शिवणयंत्रावरून बिनसलं होतं. अर्धा तास झाला असेल, तेवढ्यात भिंतीवर ठोकणं सुरू झालं. नेवेंका बोलतच राहिली. पुन्हा ठोकलं, मग पुन्हा. शेवटी ठोकणं थांबलं आणि तिच्याच दारावर धडाधड मूठ पडली. ल्युबिकाकाकू स्वयंपाकघरात कोसळल्या होत्या.

नेवेंकाने फोन टाकला. काका धावत परत गेले आणि त्यांनी रुग्णवाहिकेला फोन लावला. पलीकडून त्यांना काय उत्तर आलं ते फक्त दोघांना ठाऊक आहे, काकांना आणि मला. काकू त्याच रात्री गेल्या. ते उत्तर काकांनी कुणालाही सांगितलं नाही. आणि मी तर तार. मी कुणाला सांगणार?

त्यानंतर वीस वर्षं दोन्ही दारं बंद. जिन्यात नेवेंका भेटली की काका तोंड फिरवत. नेवेंका मान खाली घालून भिंतीला चिकटून चालायची. पुढे मोबाइल आले आणि माझ्यावर धूळ बसली. काकांना मोबाइलवरचं नीट ऐकू येत नसे, म्हणून टोरांटोहून त्यांचा मुलगा वेल्को रविवारी माझ्यावरूनच फोन करायचा. बाकीचे सहा दिवस मी नुसती पडून असायची. रागही आला नाही, खरं सांगते. त्या संध्याकाळनंतर मलाही तसंच बरं वाटत होतं.

आता ज्या डिसेंबरासाठी हे सगळं सांगते आहे, तिथे येते.

नेवेंका शाळेत जर्मन शिकवायची. मुलं कमी झाली, वर्ग एकत्र केले आणि सप्टेंबरात तिला घरी बसवलं. एक्कावन्न वर्षांची बाई! तिच्यापुढे दोनच वाटा होत्या. एक म्हणजे बहिणीसारखं ऑस्ट्रियात लिंत्सला जाऊन तिथल्या म्हाताऱ्यांची सेवा करायची, तीन आठवडे तिकडे आणि तीन आठवडे इकडे. इथल्या कितीतरी बायका तसंच करतात आणि घरात राहिलेल्या नवऱ्यांना स्वतःचे मोजे सापडत नाहीत. दुसरी वाट अचानक निघाली. ऑस्ट्रियातल्याच ग्रात्समधल्या एका संस्थेला घरबसल्या काम करणारे दुभाषे हवे होते. तिकडच्या दवाखान्यांत आपल्याकडचे जुने कामगार असतात, त्यांना जर्मन धड येत नाही. अशा वेळी दुभाष्याने पडद्यावर यायचं, डॉक्टरचं रोग्याला आणि रोग्याचं डॉक्टरला सांगायचं. संस्थेची एकच अट कडक होती. इंटरनेट तुटता कामा नये. चाचणीत तुटलं तर काम नाही.

नवरा रान्को म्हणाला, "तू लिंत्सला गेलीस तर मी इथे काय करू? भिंतींशी बोलू?"

"मग गप्प बस आणि मला चांगलं इंटरनेट शोधू दे," नेवेंका म्हणाली.

आमच्या इमारतीत इंटरनेट दोन प्रकारे मिळत होतं. एक टीव्हीच्या केबलमधून. ती जाडी, काळी बया सात वर्षांपूर्वी जिन्यातून वर आली आणि आल्या दिवसापासून तिचा तोरा. आणि दुसरं माझ्यातून. त्याला डीएसएल म्हणतात. मी हळू आहे, कबूल. पण केबलमध्ये अख्खी इमारत एकाच वाटेने जाते-येते, आणि माझ्यात फक्त ज्याची तार त्याचंच. शिवाय टेलिफोनची कचेरी आमच्यापासून दोन गल्ल्यांवर, म्हणजे मला लांब पळायचंही नव्हतं. नेवेंकाने कागदावर दोन बाजू आखून हे सगळं लिहिलं. दुभाष्याला वेग कमी चालेल, तुटणं चालणार नाही, म्हणून तिने माझ्या बाजूला खूण केली. मित्रांनो, किती वर्षांनी कुणी माझं नाव कागदावर लिहिलं होतं!

ती टेलिफोनच्या कचेरीत गेली. परत आली ती खूण खोडूनच. खिडकीतल्या मुलीने सांगितलं होतं, "तुमची जोडणी जुळी आहे. जुळीवर डीएसएल बसत नाही. तुमच्या पेटीत एकही मोकळी तार नाही. समोरच्यांनी त्यांचा नंबर सोडला तर तार पूर्ण तुमची होईल. त्यांची सही आणा."

रान्को म्हणाला, "मग माग की सही. खाणार आहे का तो तुला?"

"मी त्या दारात जाणार नाही."

"अगं, पण वीस वर्षं झाली."

"रान्को, केबल घेऊ. तुला खेळाच्या वाहिन्याही मिळतील."

खेळाच्या वाहिन्या म्हटल्यावर रान्कोचा विरोध जागच्या जागी विरघळला. तिने केबल निवडली असं लोक म्हणतील. मला विचाराल तर तिने फक्त ओब्रादकाकांचं दार टाळलं.

केबलवाला बोयान सकाळी अकराला आला. जीभ अशी की विचारू नका. मोडेम जोडून त्याने पडद्यावर आकडे दाखवले. "बघा ताई, घोडा आहे घोडा! ती जुनी टेलिफोनची तार म्हणजे गाढव. बसा आणि उडा." नेवेंकाने बहिणीला लिंत्सला चित्रफोन लावून पाहिला. चित्र स्वच्छ, आवाज खणखणीत. तिने आठवडाभर रोज सकाळी अकरालाच तपासलं. रोज घोडा. तिच्या लक्षात आलं नाही की सकाळी अकराला इमारतीत कोणी नसतं. आणि आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली नाही, जी इथल्या शेंबड्या पोराच्याही लक्षात आली असती. चाचणी एकोणीस डिसेंबरला होती, दुपारी एकला. एकोणीस डिसेंबर म्हणजे संत निकोलाचा दिवस. इथे प्रत्येक घराण्याचा एक संत असतो आणि त्याच्या दिवशी घरोघर स्लावा, म्हणजे त्या संताचा सण आणि पंगत, होते. निकोला तर अर्ध्या देशाचा. नेवेंकाच्या घरचा संत दुसरा, त्यांची स्लावा नोव्हेंबरातच होऊन गेली होती. म्हणून नोकरीच्या घाईत तारीख ठरवताना संस्थेच्या ग्रात्समधल्या बाईंना ती चटकन "चालेल" म्हणाली.

त्या दुपारी नेवेंका पांढरंशुभ्र ब्लाउज घालून टेबलाशी बसली. रान्कोला तिने पलंगावर बसवून बजावलं होतं, "शिंकायचंसुद्धा नाही." पडद्यावर ग्रात्सच्या लाइटनरबाई आल्या. त्या डॉक्टर झाल्या आणि त्यांचा एक सहकारी रोगी झाला. पहिली दहा मिनिटं नेवेंका अशी सुरेख बोलली की मीही भिंतीत ताठ झाले.

तोवर चारी मजल्यांवर पाहुणे जेवायला बसले होते. नाताळाआधीचा उपास, त्यात मांस चालत नाही पण मासे चालतात, म्हणून सगळीकडे माशांचं कालवण. प्रत्येक घरातला कुणी ना कुणी व्हिएन्नात नाहीतर झुरिकमध्ये, आणि त्या प्रत्येकाला संगणक उचलून उचलून दाखवणं चाललं होतं. हा बघ मासा, ही बघ मेणबत्ती, हा बघ तुझा काका, आताच लाल झालाय. दहा-पंधरा घरं एकाच केबलमधून एकदमच चित्रं बाहेर पाठवत होती. आणि त्या केबलची बाहेर जाणारी वाट मुळातच अरुंद.

लाइटनरबाईंचा चेहरा थिजला. मग चौकोन चौकोन झाला. नेवेंका बोलत होती आणि तिकडे काही पोचत नव्हतं. तिने वाक्य पुन्हा म्हटलं, मग तिसऱ्यांदा. कपाळावर घाम आला. रान्को श्वास रोखून बसला होता. अखेर चित्र परत आलं, तेव्हा लाइटनरबाई कागदावर काहीतरी लिहीत होत्या.

"बाई, तुमची भाषा उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "पण इथे खरा रोगी असता तर? तीस तारखेला आणखी एक संधी देते. त्या दिवशी तुटलं तर मला माफ करा."

पडदा काळा झाला. रान्को उठला. "त्या बोयानला धरतो आणि त्याच्या घोड्यावर उलटा बसवतो!"

"गप्प बस," नेवेंका म्हणाली. ती खिडकीजवळ गेली. "आज गुरुवार. उद्या अर्ज दिला तर सुट्ट्यांच्या आधी तार मिळेल. त्यानंतर नवं वर्ष आणि मग सात जानेवारीला आपला नाताळ. महिनाभर कोणी हलत नाही."

"म्हणजे सही आजच हवी."

"आजच."

 मग नेवेंकाने फडताळातून कॉफीचं पुडकं काढलं आणि एक बाटली घेतली. रान्कोने तिच्याकडे पाहिलं आणि त्याला कळलं. ओब्रादकाकांचा संत निकोला. स्लावाला कुणी कुणाला बोलावत नाही. ज्याला यायचं तो येतो आणि आलेल्याला दारातून परत पाठवत नाहीत, वैरी असला तरी. वीस वर्षं या दिवशी जिन्यात पावलं वाजू लागली की नेवेंका आपल्या दारामागे बसून ती ऐकायची. आज ती बाहेर पडली.

तिने दार वाजवलं. माझ्या डाव्या फाट्यात मला काकांच्या खुर्चीचं करकरणं ऐकू आलं.

"कोण?"

"मी नेवेंका."

खुर्ची पुन्हा करकरली नाही. मला वाटलं, संपलं. मग काका म्हणाले, "दार उघडंच आहे. आज असतंच."

टेबलावर मेणबत्ती जळत होती. गोल पाव होता आणि साखर-अक्रोड घालून शिजवलेले गहू. रेल्वेतले दोन जुने सोबती सकाळी येऊन गेले होते, त्यांचे पेले तसेच पडले होते. नेवेंकाने सण सुखाचा जावो म्हटलं, क्रूसाची खूण केली आणि रिवाजाप्रमाणे चमचाभर गहू घेतले. 

"वीस वर्षांत पहिल्यांदा आलीस," काका म्हणाले. "काहीतरी काम असणार."

"काम आहे काका. पण आधी दुसरं बोलायचंय."

"काम आधी सांग. म्हातारा माणूस, मध्येच डोळा लागायचा."

तिने सांगितलं. शाळा, ग्रात्स, केबल, जुळी जोडणी, सही, सगळं. काका ऐकत राहिले.

"म्हणजे माझा फोन हवाय तुला."

"हो."

"सगळा?"

"सगळाच लागेल, काका."

"त्या दिवशीही तू सगळाच घेतला होतास."

मित्रांनो, ते ऐकून माझ्या तांब्याचंही पाणी झालं. मला वाटलं, ही आता उठून पळणार. पण ती उठली नाही.

"मी ठोकणं ऐकलं होतं," ती म्हणाली. "तीनही वेळा ऐकलं. मला वाटलं तुम्हाला रेल्वेत फोन करायचा असेल. मी बहिणीला म्हणाले, थांबू दे म्हाताऱ्याला. असं तोंडाने म्हणाले मी. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, रान्कोलासुद्धा नाही. सही देऊ नका हवं तर. पण हे ऐकून घ्या. मी चुकले, काका. माझ्यामुळे काकू गेल्या."

ओब्रादकाकांनी मेणबत्तीकडे पाहिलं. मग त्यांनी चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला.  बोला, काका, बोला ना! मी भिंतीत ओरडत होते आणि माझा आवाज कुणाला येणार होता!

"तुझ्यामुळे नाही," ते म्हणाले.

नेवेंकाने मान वर केली.

"तू फोन ठेवल्यावर मी रुग्णवाहिकेला फोन लावला. तिथली बाई म्हणाली, दोन्ही गाड्यांत पेट्रोल नाही, सकाळपर्यंत येणार नाही. पहिल्यांदा ठोकलं तेव्हा तू ठेवला असतास, तरी हेच म्हणाली असती. गाड्या दुपारपासून उभ्या होत्या. मला तेव्हाच सांगितलं तिने."

"तेव्हाच?"

"तेव्हाच."

"आणि तुम्ही वीस वर्षं…"

"हो," काका म्हणाले. त्यांचा आवाज फुटला. "पेट्रोलवर कसं रागावू, पोरी? निर्बंधांवर कसं रागावू? मला भिंतीपलीकडे कुणीतरी हवं होतं. तू होतीस. पहिल्या वर्षी राग खरा होता. मग दुसऱ्या वर्षी वाटलं, आता सांगावं. तिसऱ्या वर्षी सांगायची लाज वाटली. त्यानंतर दर वर्षी लाज वाढतच गेली. आज स्लावाला तू येशील, असं दर वर्षी वाटायचं. आलीस की सांगेन, असं ठरवून बसायचो."

नेवेंका रडली नाही. ती उठली आणि ओरडली. "वीस वर्षं, काका! वीस वर्षं मी या जिन्यात मान वर केली नाही! स्वप्नात ठोकणं ऐकू येतं मला!" तिने टेबलावर हात आपटला आणि एक पेला खाली पडून फुटला. काकांनी मान खाली घातली. ते एवढंच म्हणाले, "ओरड. तुझा हक्क आहे."

ती पुष्कळ ओरडली. समोरच्या घरात रान्को दाराला कान लावून उभा होता, त्याला आत यावं की नाही कळेना. मग तिचा आवाज खाली आला आणि मग ती खरंच रडली. काका केरसुणी घेऊन काचा गोळा करू लागले. तिने ती त्यांच्या हातातून घेतली.

"कागद कुठे आहे?" काकांनी विचारलं.

"कसला?"

"सहीचा. आणि पेन आण. माझ्याकडचं चालत नाही."

"तुमच्या वेल्कोचा फोन? आणि तुम्हाला काही झालं तर?"

"आधी सही घे. म्हातारा माणूस, उद्या मन बदलायचं."

दुसऱ्या दिवशी अर्ज गेला. सत्तावीस तारखेला टेलिफोनचा रादिशा आला. तीस वर्षांपूर्वी मला भिंतीत घालणाऱ्यांपैकी हाच एक, तेव्हा शिकाऊ होता. त्याला आधी कॉफी आणि मग घोटभर राकिया, म्हणजे आमची फळांची दारू, द्यावी लागली, त्याशिवाय इथे कोणी पेचकस हातात घेत नाही. त्याने दोन घरं एका तारेवर बसवणारी जुळीची डबी काढली आणि मोडेम लावला. दिवा लागेना. लुकलुकला आणि विझला. पुन्हा लुकलुकला आणि विझला.

"खरखर फार येतेय तारेत," रादिशा म्हणाला. "खाली कुठेतरी खराब झालीय. बदलायची म्हटलं तर जानेवारीच्या शेवटी."

नेवेंका खुर्चीवर बसली. रान्को म्हणाला, "तळघर तरी बघ की, बाबा!" सगळे खाली गेले. माझी पेटी उघडली आणि रादिशाने कपाळावर हात मारला. पेटीच्या बरोबर खाली आंबवायला घातलेल्या कोबीचं मोठं पिंप होतं, आणि त्याचं झाकण अर्धवट सरकलेलं. वर्षानुवर्षं हिवाळाभर त्या खारट वाफा माझ्या जोडांवर बसत होत्या. मी तिथे हिरवी पडले होते. मलाच माझी लाज वाटली.

"कुणाचं हे पिंप? टेलिफोनच्या पेटीखाली कोबी ठेवतात का कुणी?"

ओब्रादकाका मागे उभे होते. "माझं," ते म्हणाले. "ल्युबिकाने जागा ठरवली होती. मी हलवली नाही."

 मग रान्को आणि काका दोघांनी मिळून ते पिंप दुसऱ्या भिंतीला सरकवलं. रादिशाने माझे हिरवे जोड कापले, तांबं उघडं करून नवे जोड बांधले आणि वर वंगण लावलं. वर जाऊन पाहिलं तर मोडेमचा दिवा हलत नव्हता. स्थिर. मग नियमात बसत नसलेलं एक काम त्याने केलं. नेवेंकाच्या नंबरावरून एक जादा फोन काकांच्या घरात जोडून दिला. माझा डावा फाटा पुन्हा जिवंत झाला. "डीएसएलवर बोलणं आणि इंटरनेट एकाच वेळी चालतं," तो म्हणाला. "काका, तुम्ही कधीही फोन उचला. हिच्या कामाला धक्का लागणार नाही."

तरीही तीस तारखेला काकांनी फोन उचलला नाही. ते कोट घालून फोनसमोर बसून राहिले, जणू कुणी तो पळवणार होतं.

पडद्यावर लाइटनरबाई आल्या तेव्हा त्यांचा चेहरा वेगळाच दिसला. "बाई, आज नाटक नाही," त्या म्हणाल्या. "आमचा दुभाषा आजारी आहे आणि खरा रोगी समोर आहे. घ्याल का?" नेवेंकाने एकदा भिंतीकडे, म्हणजे माझ्याकडे, पाहिलं आणि म्हणाली, "घेते."

आमच्याच देशातल्या क्रागुयेवाच शहराकडचा एक गवंडी होता. चाळीस वर्षं ग्रात्समध्ये विटा रचल्या आणि आता पोटातल्या रक्तवाहिनीला फुगा आला होता. तासाभरात शस्त्रक्रिया करायची होती. डॉक्टर भराभर बोलत होते आणि म्हातारा घाबरून भलतंच उत्तर देत होता. कोणतं औषध घेता? रक्त पातळ करणारं घेता का? तो म्हणे, बायकोला विचारा. बायको बारा वर्षांपूर्वी गेलेली. नेवेंकाने आवाज चढवला नाही. तिने विचारलं, "काका, सकाळी चहाबरोबर कोणती गोळी घेता? रंग कोणता?" त्याने रंग सांगितला; ती रक्त पातळ करणारीच गोळी होती. डॉक्टरांचा चेहरा बदलला आणि त्यांनी कुणाला तरी हाक मारली. मी एकेक शब्द जपून नेत होते. उभ्या आयुष्यात मला इतकी भीती वाटली नव्हती. एकही शब्द सुटला नाही, मित्रांनो. एकही नाही.

चाळीस मिनिटांनी डॉक्टर उठले. लाइटनरबाई म्हणाल्या, "धन्यवाद. नियमाप्रमाणे आता तुम्ही बंद करू शकता."

तेवढ्यात गवंडी म्हणाला, "बाई, ठेवू नका हो फोन. मला न्यायला येईपर्यंत बोला. काहीही बोला."

वीस वर्षांत कामाखेरीज नेवेंकाने फोनवर कधीही दोन मिनिटांहून जास्त बोलणं केलं नव्हतं. आईशी नाही, बहिणीशी नाही, कुणाशीच नाही. तिचा हात बंद करण्याच्या बटणावरच होता. तो तिने उचलून मांडीवर ठेवला.

"नाही ठेवत," ती म्हणाली. "तुम्ही सांगा, गावाकडे तुमचं घर कुठल्या बाजूला?"

तो सांगू लागला. ती हसली, काहीतरी विचारलं, पुन्हा हसली. त्याला न्यायला माणसं येईपर्यंत, सतरा मिनिटं, ती माझ्यावरून बोलत राहिली. नोकरी तिला तिथेच मिळाली होती, पण ते तिच्या ध्यानातही नव्हतं. समोरच्या घरात ओब्रादकाका भिंतीला डोकं टेकून तिचा आवाज ऐकत होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

मित्रांनो, उद्या-परवा काचेच्या तारा येतील आणि मला काढून टाकतील. त्याचं मला दुःख नाही. तारांची काळजी घ्या, त्यांच्याखाली कोबी ठेवू नका, एवढं तर मी सांगेनच. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. भिंतीपलीकडच्या माणसाला सांगायचं काही तुमच्याजवळ राहून गेलं असेल, तर वीस वर्षं थांबू नका. मी वीस वर्षं खरं काय ते जाणत होते आणि मला ते सांगता आलं नाही, कारण मी तार आहे. तुम्ही तर माणसं आहात.